काल्याच्या दिवसाचं बिल

मित्रांनो, पाटोद्याच्या पेठेत ‘श्रीशैल साउंड सर्व्हिस’ नावाचं एक दुकान आहे. त्याच्या माळ्यावर, जुन्या कर्ण्याच्या शेजारी, गोणपाटाखाली जे खोकं पडलं आहे ना, ते मी. कॉम्प्युटरचा प्रिंटर. माझ्या रिबिनीतली शाई कधीच वाळली. तुम्ही मान वर करून पाहिलंत, म्हणून बोलावंसं वाटलं.

माझ्या डोक्यात बारीक सुया आहेत. त्या कागदावर आपटून मी अक्षरं उमटवतो आणि आवाज फार करतो. कारखान्यातून निघून, बीडहून एसटीच्या टपावर बसून मी इथे आलो, तेव्हा दिवस नवलाईचे होते. गावात एसटीडीचे बूथ निघाले होते, घरांवरून केबलच्या तारा गेल्या होत्या. श्रीशैलरावांनी मला आणि कॉम्प्युटरला विभूती लावली, पेढे वाटले.

लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा हा धंदा त्यांच्या वडिलांचा, विरुपाक्षअप्पांचा. श्रीशैलराव मनानं मऊ. पैसे मागणं त्यांना जमायचंच नाही. वसुलीला जायचे, चहा प्यायचे, पोराबाळांची चौकशी करायचे आणि तसेच परत यायचे. त्यांच्या पत्नी वर्षाताई लातूरच्या. कॉम्प्युटरचा क्लास केलेल्या. त्यांनी ठरवलं, मागायचं काम आता माणसानं करायचंच नाही. कुठे, किती दिवस, कोणतं सामान गेलं, एवढं कॉम्प्युटरला सांगून ठेवायचं. रोज सकाळी बटण दाबलं की ज्यांची तारीख भरली त्यांचा हिशोब तो आपणच करी. मी बिल छापी, खाली बँकेतल्या खात्याचा नंबर टाकी. पाकीट टपालानं जाई, पैसे परस्पर बँकेत येत. नाही आले तर आठवणीचा कागदही आपोआप निघे.

हे ऐकून मंडपवाले आले, लग्नात फोटो काढणारे आले, बँडवाले आले. सगळे आपल्या हिमतीवर पोट भरणारे, आणि सगळे मागायला लाजणारे. वर्षाताई त्यांचीही बिलं काढून देऊ लागल्या. बँडवाले सटवा मास्तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, “ह्याला लाज न्हाई, म्हणून आपलं भागतंय बघा.”

मला ते कौतुकच वाटे.

संध्याकाळी सामान तपासायला श्रीशैलराव कीर्तनाची कॅसेट लावत. बुवा अभंगाचं चरण घेत, टाळकरी ते उचलून धरत, मृदंग हळूहळू चढत जाई. मी कोरा कागद तोंडात धरून ऐकत बसे. मित्रांनो, देवाचं नाव ऐकायला कान लागतात असं थोडंच आहे? मला वाटे, मीही एक टाळकरीच. फक्त माझा ताल जरा कर्कश.

जवळच्या वाडीत दरसाल हरिनाम सप्ताह बसे. देवळापुढच्या लिंबावर अप्पांचा कर्णा चढे, अप्पांच्या मागे श्रीशैलरावांच्या हातून चढे. तिथली एक रीत होती. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं, दहीहंडी फुटते, लाह्या उधळतात. त्या दिवसाचं भाडं लाऊडस्पीकरवाल्यानं घ्यायचं नाही. ती त्याची देवापुढची सेवा. वाडीनं त्याला टॉवेल-टोपी, नारळ द्यायचा. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. मागायला स्वतः जाणाऱ्याला ते आपसूक कळे.

मी आलो त्या साली श्रीशैलराव लग्नसराईत गुंतले होते. कॉम्प्युटरनं सप्त्याचे सगळे दिवस धरले, मी सगळे छापले आणि पाकीट वाडीला गेलं.

पैसे बँकेत आले. पुरेपूर. श्रीशैलराव आकडा पाहून खुर्चीत बसले.

“काल्याचा दिस बी धरला काय, वर्षा?”

“जेवढे दिवस सामान होतं तेवढे धरले. चुकलं का काही?”

“तुला कुणी सांगितलंच न्हाई, तू काय करणार? पर त्यांनी कमी दिले असते तर भांडायला तरी गेलो असतो. पुरे दिले. आता कोणत्या तोंडानं जाऊ?”

त्या संध्याकाळी कॅसेट लागली नाही.

तेव्हाच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दुकानापुढचं बाकडं रिकामं होतं. पूर्वी तिथे भाडं द्यायला आलेली माणसं टेकत, गप्पा हाणत. आता टपाल जाई, टपाल येई. दिवसभर माझ्याच सुयांचा आवाज, आणि तो थांबला की काहीच नाही.

पुढच्या साली सप्ताह जवळ आला. श्रीशैलरावांनी अप्पांचा कर्णा धुऊन दारात ठेवला. वाडीचं कुणी आलं नाही. वाडीकरांनी दुसरीकडचा लाऊडस्पीकर ठरवला होता. कर्णा उन्हात तापत राहिला, आणि श्रीशैलराव त्याच्याकडे न बघता ये-जा करत राहिले. अप्पांनी मिळवलेली लिंबाची ती जागा आपल्या हातून गेली, हे त्यांना लई लागलं होतं.

काल्याच्या दिवशी त्यांनी दुकान बंद केलं आणि नवरा-बायको नुसते ऐकायला गेले. पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. बुवांनी चरण धरलं की नवा कर्णा शिट्टी मारी. तो लावणारा माणूस भांबावला. बुवा थांबले, टाळ थांबले. श्रीशैलरावांना राहवलं नाही. मांडवातून वाट काढत गेले, माईकचं तोंड फिरवलं, मशीनचा आवाज जरा उतरवला आणि परत जागेवर जाऊन बसले. कीर्तन सुरळीत झालं.

हंडी फुटल्यावर सप्त्याच्या स्वयंपाकाचं बघणाऱ्या सिंधुबाई आल्या. त्यांनी श्रीशैलरावांच्या हातात नारळ ठेवला.

“घे लेकरा. का ह्याचं बी बिल धाडतूस?”

मांडव हसला. श्रीशैलरावही हसले, उपरण्यानं डोळे पुसत. वर्षाताई हात जोडून म्हणाल्या, “मावशी, मला ठाऊक नव्हतं हो.”

“आता कळलं न्हवं? मंग खा,” म्हणत सिंधुबाईंनी त्यांच्या हातावर काला ठेवला.

पुढच्या सालापासून लिंबावर पुन्हा अप्पांचाच कर्णा चढू लागला, पण वाडीचं बिल माझ्यातून कधी निघालं नाही. तिथे दोघं स्वतः जातात. बाकीची बिलं मी छापत राहिलो, पुढे बिनआवाजाचा नवा प्रिंटर आला आणि मी माळ्यावर चढलो. इथे कीर्तन ऐकू येत नाही. कर्णा शेजारी आहे, पण तोही वर्षभर गप्पच असतो.

फक्त सप्ताह आला की श्रीशैलराव शिडी लावतात आणि त्याला घेऊन जातात. ते दिवस मला फार मोठे वाटतात. मग तो परत येतो, अंगावर बुक्का घेऊन. ठेवताना जरा कलतो, आणि त्याच्या घशात अडकलेल्या काल्याच्या लाह्या माझ्यावर सांडतात.

मित्रांनो, तुमच्या घरचा हिशोब यंत्र करत असेल तर करू द्या, आम्हाला त्यात आनंदच आहे. पण वर्षातून एकदा तरी ज्याच्याशी हिशोब आहे त्याच्या दारी जाऊन या. आणि माळा झाडायला चढलात, तर माझ्यावरची धूळ पुसा. लाह्या तेवढ्या राहू द्या.