माझ्या पाठीवरचं नाव

मी एक जुनं कुपन आहे. यवतमाळच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. गुलाबी अंग, कपाळावर नंबर, पाठ कोरी. त्या कोऱ्या पाठीचा मला केवढा अभिमान!

मित्रांनो, पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांच्या आरोग्याची पाहणी होणार होती. अशांची यादी कुठल्याच कचेरीत नसते, आणि दारात उभं राहून बायकोमुलांसमोर विचारलं तर खरं कोण सांगेल? म्हणून एकानं ओळखीच्या तिघांना कुपनं द्यायची, त्या तिघांनी आणखी तिघातिघांना. नाव नाही, गाव नाही, फक्त नंबर. या हातातून त्या हातात, भरवशाच्या माणसाकडून भरवशाच्या माणसाकडे.

घाटंजीच्या बाजारात शामनं मला त्याच्या दोस्ताच्या, देवसिंगच्या मुठीत कोंबलं.

"मले काहून देऊन राह्यला बे?"

"तुह्या लग्नाची पत्रिका हाय! अबे, पांढरकवड्याले जाय, हे दाखव. रक्त तपासतेत. नाव कोणी विचारत नाही. मी जाऊन आलो ना!"

देवसिंगला दोन महिने ताप येत होता. तांड्याजवळच्या दवाखान्यात सगळे ओळखीचे. तिथं मन मोकळं कसं करणार? नऊ दिवस माझा मुक्काम त्याच्या मोबाइलच्या कव्हरात होता. दहाव्या दिवशी तो एसटीत बसला.

पांढरकवड्याच्या पाहणी केंद्रात टेबलाशी तिथले प्रमुख वामनराव साहेब होते. त्यांनी मला उलटं केलं, पेन काढलं.

"नाव? तांडा कोणता? जरा मोठ्यानं बोला."

देवसिंग घाबरून सांगून बसला. बाकावरच्या दोघांनी माना वळवल्या. निळी शाई माझ्या पाठीत उतरली, आणि माझ्या अंगाची आग आग झाली.

मुलाखती घेणारी निकिता धावत आली. "सर, नाव कायले लिहून राह्यले? नंबर दिला ना त्यायले!"

"बोगस लोक येतात, मॅडम. पडताळायला नाव लागतं. त्यात लाजायचं काय?"

"तुमचं काय जाते, सर? तांड्यात राहाचं त्यायले हाय!"

"येतो, गाडी सुटन माही," म्हणत देवसिंग उठला. रक्त न देताच. त्यानं पुढे न्यायची तीन कुपनं टेबलावरच राहिली. त्यानं शामला सांगितलं, शामनं बाकीच्यांना. त्या बाजूचं कोणी पुन्हा फिरकलं नाही.

अहवालात साहेबांनी लिहिलं, 'या भागात असे पुरुष फारसे आढळले नाहीत.' आढळले नाहीत? अहो, दारात आलेल्या माणसाला तुम्ही पळवून लावलंत, आणि वर हे लिहिता?

आता मी लोखंडी कपाटात, फायलीत. निकितानं फाडून टाकायला दोनदा मागितलं मला. साहेब म्हणतात, रेकॉर्ड आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी त्या टेबलाशी बसेल. एखाद्यानं नंबर पुढे केला, तर नंबरच घ्या. आणि मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. मला फाडा. नावाचं एक अक्षरही जुळणार नाही इतकं बारीक फाडा. मग शामकडे जा, माफी मागा; देवसिंगला परत आणेल तर तोच. देवसिंगचं रक्त अजून कोणी तपासलेलं नाही.