एक गंज, दोन घरं

मित्रांनो, सत्यभामाबाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी अंगणात पालथा पडून वाळत होतो. त्या माहेरी किरनापुरला गेल्या होत्या, आणि तिथली सकाळची बस नुकतीच येऊन गेली होती. त्यांचा धाकटा भाऊ तेजराम आत आला आणि माझ्या बुडावर बसला. एवढ्या वर्षांत माझ्यावर कोणी बसलं नव्हतं. सत्यभामाबाई बसू देत नसत. त्यांचे यजमान नीळकंठराव दात घासत बाहेर आले.

"भाऊजी, बाई नाही राह्यली," तेजराम म्हणाला. "छातीत दुखलं म्हणे, अन् गेलीच."

नीळकंठरावांनी आधी चूळ भरली, तोंड पुसलं, आणि मग विचारलं, "कोणती बाई?"

मी एक जुना पितळी गंज आहे, मोठं पातेलंच म्हणा. दीडशे माणसांचा भात माझ्यात शिजतो. छप्पन साली भंडाऱ्याच्या महागू नावाच्या कारागिराने मला ठोकून घडवलं. बालाघाटच्या आमच्या गल्लीतल्या बारा घरांनी मिळून मला आणलं, आणि ओसरी रुंद म्हणून सत्यभामाबाईंकडे ठेवलं. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, मी जात होतो. माझ्यातला भात खाली लागत नाही असं बायका सांगत. ते ऐकायला बरं वाटे. आता कोणी सांगत नाही.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात मोतीलालच्या घरचं लग्न उरकलं, आणि मी सत्यभामाबाईंकडे परत न येता तिथूनच दुलीचंदच्या घरी गेलो. मोतीलालच्या लोकांनी मला वाळूने घासलं होतं. माझी कल्हई उडाली होती. दुलीचंदच्या लोकांनी आत पाहिलंच नाही. त्यांनी माझ्यात कढी केली. पितळेत आंबट टिकत नाही, मित्रांनो. ती कढी हिरवी पडली आणि निम्मं वऱ्हाड ओकत बसलं. मोतीलाल म्हणाला, मी तर चांगला गंज दिला. दुलीचंद म्हणाला, मी तर चांगला समजून घेतला. दोघंही खोटं बोलत नव्हते.

तेव्हापासून सत्यभामाबाईंनी नियम केला. गंज ज्याने नेला त्यानेच परत आणून द्यायचा. मध्येच दुसऱ्याला द्यायचा नाही. परत आला की त्या चिंचेने पुसून, उजेडात धरून पाहत, आणि मगच पुढच्याला देत. काही लोक त्यांना कलेक्टरीणबाई म्हणू लागले. त्यांनी मनावर घेतलं नाही.

नीळकंठराव नागपूरच्या एका कचेरीत गणकयंत्रावर काम करत आणि शनिवारी घरी येत. यंत्राच्या पोटात हजारो खण असतात म्हणे, आणि प्रत्येक खणाला नंबर असतो. यंत्राला कामं सांगायची जी जुनी भाषा होती, तिच्यात ज्याला नंबर माहीत तो कोणत्याही खणात काहीही टाकू शके. खण दुसऱ्या कामाला देऊन झाला तरी आधीचं काम त्यात हात घालू शके. भाषा अडवत नसे.

एकाहत्तर साली त्या यंत्रावर परीक्षेचे निकाल लागले, आणि चाळीस पोरांचे गुण दुसऱ्या चाळिसांच्या नावावर गेले. चूक सापडायला अकरा दिवस लागले. जो हुकूम चुकला तो नीळकंठरावांच्या हातचा होता. त्या शनिवारी ते ताटावरून तसेच उठले.

"काहून उठले?" सत्यभामाबाईंनी विचारलं. नीळकंठरावांनी खणांचं सगळं सांगितलं. सत्यभामाबाई तांदूळ निवडत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हे तर दुलीचंदच्या घरच्या कढीवानी झालं. तुमच्या खणायले कोणी मालक नाही का?"

नीळकंठरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते वही घेऊन आले. यंत्राशी बोलायची नवीन भाषा लिहायला त्यांनी त्या दिवशी सुरुवात केली. खणाला नंबर नाही, नाव. एका वेळी एका खणाचा धनी एकच. खण परत केला की त्याचं नाव आधीच्या धन्याच्या तोंडी चालायचं नाही, आणि हे यंत्र चालू व्हायच्या आधीच तपासून घ्यायचं.

पुढची तीन वर्षं दर रविवारी ते एकेक नियम वाचून दाखवत. सत्यभामाबाईंना तो आपल्या शब्दांत परत सांगता आला तर राहायचा, नाहीतर ते खोडत. "हे तर तहसिलीतल्या अर्जावानी आहे," त्या म्हणायच्या, की गेला नियम. एकतीस नियमांचे चौदा झाले. तेरा पक्के होते. चौदावा अडला होता. एकच खण दोन कामांना एकाच वेळी लागला तर काय करायचं? निकाल लावणारं आणि यादी छापणारं काम एकाच खणापाशी येणारच होतं. नागपूरच्या साहेबाने सांगितलं होतं की दिवाळीपर्यंत चौदाही आणा, नवीन यंत्रावर तुमचीच भाषा घेऊ. अपुरी आणली तर पुढचे निकालही जुन्याच भाषेत लागतील.

सत्यभामाबाई माहेरी निघताना म्हणाल्या होत्या, "होते असं, दोन लग्नं एका दिवशी येतात. मी केलं आहे. किरनापुरहून आल्यावर सांगतो."

तेरवी झाली. पुढे लोक मला न्यायला येत आणि नीळकंठराव न पाहताच देत. पण दुलीचंदची बायको चंपाबाई मला घेऊन परत आली आणि त्यांच्यासमोर आडवा करून उभी राहिली. "पाहून घ्या, नीळकंठभाऊ. ती पाहे." नीळकंठराव वाकले. माझ्या तळाला पिवळं दिसत होतं. ते त्यांना दिसलं. कल्हई होईपर्यंत कोणाला द्यायचा नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "दोन लग्नं एका दिवशी आलती, तेव्हा तिनं गंज कोणाले देल्ला होता?"

"कोणालेच नाही. गंज याच अंगणात राह्यला. ती झारा घेऊन मधात उभी होती. एकाचं वाढून झाल्याबिगर दुसऱ्याले हात लावू नाही देल्ला." चंपाबाई थांबली. "दिवसभर जेवली नाही ते. आम्हीबी कोणी इचारलं नाही."

नीळकंठराव त्या दिवशी नागपुरात नव्हते, घरीच होते, पण अंगणात फिरकले नव्हते. त्यांनी तेव्हा विचारलं नव्हतं, नंतरही नाही.

मित्रांनो, कोणाचं भांडं आणलं तर त्याच्याच हाती परत द्या. देताना आणि घेताना आत पाहा. आणि दोघांच्या मध्ये जो झारा घेऊन उभा असतो, त्याला जेवलास का म्हणून विचारा. मी भांडं आहे, मला विचारता आलं नाही.

दिवाळी तोंडावर आली आहे. कल्हईवाला अजून या बाजूला फिरकला नाही. वहीत चौदावा नियम सुरू झाला आहे. 'दोघांच्या मध्ये एक उभा राहील. त्याच्या हातूनच दोघं घेतील.' त्याखाली नीळकंठरावांनी लिहिलं आहे, 'आणि उभा राहणारा मध्येच गेला तर.'

त्याच्या पुढचं लिहायचं राहिलं आहे.