सगळ्यांच्या कामाचा टॅब

"वापर कशासाठी होणार आहे?" शिरूरच्या बाजारपेठेतल्या त्या दुकानदाराने विचारलं, आणि सुलक्षणाने तोंड उघडायच्या आत तिच्या घरच्यांनी उत्तरं देऊन टाकली.

"कीर्तन ऐकाया," सासरे सावळाराम, म्हणजे घरातले आबा, म्हणाले. "आवाज मोठा पायजे बरं का. मला एका कानानं कमी येतं."

"बॅनर बनवायचे असत्यात, रील टाकायचे असत्यात," धाकटा दीर पप्पू म्हणाला. त्याला पुढच्या निवडणुकीत पंचायतीत जायचं होतं. सायलीला, सुलक्षणाच्या मुलीला, अभ्यास करायचा होता, म्हणजे गेम खेळायची होती. सासूबाई, कस्तुराबाई, घरीच राहिल्या होत्या, पण मालिका बघायला पडदा मोठा हवा असा निरोप त्यांनी फोनवरून दोनदा दिला होता. शेवटी नवऱ्याने, दत्ताने, सगळ्यांचं एकत्र करून सांगितलं, "म्हंजी फॅमिलीसाठीच हो. सगळ्यांच्या कामाचा द्या."

आता गंमत बघा. ही वरात तळेगाव ढमढेऱ्याहून जीपने शिरूरला आली होती ती सुलक्षणाच्या कामासाठी. आणि सुलक्षणा मागे पिशवी सांभाळत उभी होती.

ती लग्नाच्या ब्लाऊजवर आरी वर्क करायची. बाहीवर, पाठीवर, गळ्याला मोती आणि जर भरून नक्षी काढायची. आधी नक्षी ट्रेसिंग पेपरवर काढायची, रेघेवरून सुईने भोकं पाडायची, मग रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पूड चोळून ती कापडावर उतरवायची, आणि त्यानंतर चौकटीवर ताणलेल्या कापडावर मान मोडेपर्यंत वाकून बसायचं. हे मान मोडणं आता खरंच सुरू झालं होतं. डाव्या हाताला मुंग्या यायच्या. सुईच्या टोकाशी मोती दोन दिसायचे. डॉक्टरने मानेला पट्टा दिला आणि हे काम सोडा म्हणून सांगितलं. पण लग्न होऊन आल्यापासून तिचं स्वतःचं म्हणावं असं हेच एक काम होतं.

त्यातून वाट दाखवली ती दौंडच्या इंद्रजीतने. त्याचं मोती-जरीचं दुकान होतं आणि सुलक्षणा माहेरी, राहूला, गेली की तिथूनच माल आणायची. तिच्या नक्षीला त्या भागात तोड नाही हे त्याने ओळखलं होतं. "ताई, सुई ठेवा आता खाली," तो म्हणाला होता. "नुसत्या नक्ष्या काढून द्या मला. पण कागदावर नको. टॅबवर साफ काढा, म्हंजी बारीक दंडाच्या नवरीला बारीक करता येती, जाड दंडाला मोठी. मी विकतो. माझ्याकडं रोज आरीवाल्या बायका येत्यात, नवीन काय, नवीन काय म्हणून जीव खात्यात." आणि मग त्याने एकच अट घातली. "फकस्त माझ्या आधी कुठं दिसली न्हाई पायजे. एकदा मोबाईलवर फिरली की तिला कुणी इचारत न्हाई."

तर असं होतं. टॅब आला की सुई सुटणार होती, मान वाचणार होती, आणि डोक्यात साठलेल्या नक्ष्यांना बाहेर यायला जागा मिळणार होती.

दुकानदार शहाणा होता. त्याने एक मध्यम आकाराचा टॅब काढला, त्याचं पेन सुलक्षणाच्या हातात दिलं आणि म्हणाला, "काढून बघा ताई. हात बिनधास्त टेका, काही होत नाही."

तिने तळहात काचेवर टेकला आणि एक वेल ओढली. दुकानदाराने कुठेतरी बोट लावलं, तर ती डावीकडे जे काढी ते उजवीकडे आपोआप उमटायला लागलं. दोन बाह्या एकसारख्या यायला तिला कागद दुमडून, उजेडाला धरून अख्खी सकाळ घालवावी लागायची. इथे पान काढलं की समोर पान येत होतं. जाड दाबलं की रेघ जाड, हलकं धरलं की केसासारखी. ती हसली. दुकानात, सासऱ्यांच्या देखत, दात दिसतील अशी हसली. तिला पुष्कळ दिवसांत एवढा आनंद झाला नव्हता.

"लई भारी," आबा म्हणाले. "पण बारका हाय गं. त्यात बुवांचं तोंड केवढं दिसायचं?"

पप्पूने गाणं लावून पाहिलं. "आवाज फुसका हाय वहिनी. आन् सिम टाकाया जागा बी न्हाई. आबा रानात कसा नेणार?"

मग मोठा टॅब निघाला. त्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. त्याला सिमची जागा होती, पडदा घरच्या देवघराएवढा होता. चौघांची मान एकदम हलली. पेनाचं काय, असं सुलक्षणाने विचारलं, तेव्हा दुकानदार जरा अडखळला. तसलं पेन याला चालत नाही म्हणाला, आणि गल्ल्याखालून रबरी टोकाची एक कांडी काढून त्याने फुकट दिली.

तिने लगेच ओढून पाहिलं. तळहात टेकला की हाताचेच फराटे उमटत होते. "अहो," ती दत्ताला हळूच म्हणाली, "ह्याच्यावर हात टेकता येत न्हाई."

"मग उचलून काढायचं. पेन मिळालं ना फुकटात? त्यात काय एवढं?"

दत्ता वाईट माणूस नव्हता. कंपनीत तीन पाळ्या करायचा, बायकोला कधी वाकडा शब्द बोलला नव्हता. पण आरीवालीला हात न टेकता रेघ काढ म्हणणं म्हणजे भाकरी थापणारीला परातीला हात न लावता थाप म्हणण्यासारखं आहे, हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं. सुलक्षणाला तिथे ठाम नाही म्हणता आलं असतं. पण त्या घरात चपला घ्यायच्या तरी चौघांची पसंती लागे, आणि एकट्याच्या कामाची वस्तू मागणं म्हणजे चूल वेगळी मागण्यासारखं धरलं जाई. ती गप्प बसली. पुढे तिला स्वतःचा सगळ्यात जास्त राग आला तो या गप्प बसण्याचा.

घरी कस्तुराबाईंनी टॅब पाटावर ठेवून काचेवर हळदीकुंकवाची बोटं उमटवली, त्याच्यापुढे नारळ फोडला. पप्पूने तो चालू करून दिला. "माझंच अकाउंट टाकलंय वहिनी. नवीन कुठं काढत बसता? सगळ्यांना सोपं पडंल." सुलक्षणाने मान हलवली. अकाउंट म्हणजे काय आणि ते कुणाचं असलं की काय होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. ती दुसऱ्यांदा गप्प बसली, पण या वेळी न कळून.

सकाळी टॅब आबांचा. ते तो गोठ्याच्या खांबाला अडकवून कीर्तन लावत. संध्याकाळी पप्पूचे बॅनर, मग मालिका. दुपारी आबा आडवे झाले आणि सायली शाळेत असली की तो सुलक्षणाला मिळे. आधी काचेवरचं शेण आणि तेलाची बोटं पुसायची, मग हात हवेत धरून रबरी कांडीने रेघ ओढायची. खांदा भरून येई. रेघ थरथरे. ती पुसून पुन्हा काढी, पुन्हा थरथरे. शेवटी तिने थोडी थरथर तशीच राहू दिली, कारण दुपार संपत आलेली असे.

तरी नक्ष्या झाल्या, आणि अशा झाल्या की बघत राहावं. उसाच्या तुऱ्याची वेल, हरभऱ्याचे घाटे, विहिरीच्या कडेला सुगरणीचे खोपे. मोर आणि डोलीतली नवरी सगळ्याच काढतात, सुलक्षणाने रानातलं आणलं. आपण हे केलं, असं तिला रोज दुपारी वाटायचं आणि बरं वाटायचं. कार्तिक संपता संपता तिने टॅब ब्लाऊजपिसात गुंडाळला आणि दौंड गाठलं.

इंद्रजीतने पहिल्या तीन नक्ष्या पाहिल्या आणि त्याचा चेहरा उतरला. स्वतःचा मोबाईल काढून त्याने तिच्यापुढे धरला. उसाच्या तुऱ्याची वेल. नुसती नक्षी नव्हे, गुलाबी कापडावर भरलेली, मोती लावलेली, शिवून नवरीने घातलेली.

"धा दिवस झालं फिरतीया," तो म्हणाला. "हे घाटं बी, हे खोपं बी. मला वाटलं कुठल्या पुण्याच्या बाईचं हाय. तुमचं हाय व्हय?"

"माझं हाय. पर म्या कुणाला दिलं न्हाई."

"कुणीतरी दिलं असंल ताई. आता मी हे विकाया ठेवलं तर बायका माझ्या तोंडावर मोबाईल धरत्याल." तो चांगला माणूस होता, त्याने चहा मागवला. सुलक्षणाने तो घेतला नाही. तिला काउंटरवरचं सगळं ढकलून द्यावंसं वाटत होतं.

घरी आल्यावर कोडं सुटायला वेळ लागला नाही. टॅबवर पप्पूचं अकाउंट होतं, त्यामुळे तिने काढलेली प्रत्येक नक्षी त्याच दिवशी पप्पूच्या मोबाईलमध्ये जाऊन पडत होती. आणि पप्पूला मतं हवी होती. त्याने त्या नक्ष्या महिला बचत गटांच्या ग्रुपवर टाकल्या, शिरूर तालुक्यातल्या आणि ओळखीपाळखीने दौंड तालुक्यातल्या.

"चोरी केली का मी?" पप्पू खरंच दुखावला होता. "घरची कला हाय म्हणून अभिमानानं टाकली. बायका किती खूश झाल्या, बघा तरी." त्याने दाखवलं. प्रत्येक नक्षीखाली केशरी पट्टी होती आणि तिच्यावर हात जोडलेल्या पप्पूचा फोटो. महिला भगिनींसाठी सप्रेम भेट, सौजन्य पप्पूदादा मित्रमंडळ. सुलक्षणाचं नाव कुठेच नव्हतं.

"मला इचारायचं तरी भावजी."

"घरातल्या वस्तूला काय इचारायचं?" आबा मध्ये पडले. "टॅब सगळ्यांचा, त्यातलं बी सगळ्यांचं. आन् बाहेर तरी कुणाला गेलं? आपल्याच आयाबहिणींला."

"मग माझं अकाउंट येगळं करून द्या."

पप्पूने डोकं खाजवलं. "म्हंजी सगळं पुसावं लागंल. आबांची कीर्तनं जात्याल. आईच्या मालिका परत लावाव्या लागत्याल. सायलीची गेम पहिल्यापासनं."

सगळे तिच्याकडे बघत राहिले. कुणी रागावलेलं नव्हतं. तिच्यात एवढा हट्ट कुठून आला याचंच त्यांना नवल वाटत होतं. तिने दत्ताकडे पाहिलं. तो रात्रपाळीला निघाला होता, बूट घालत होता.

"अजून काढ की," तो म्हणाला. "त्या गेल्या तर गेल्या. तुझ्या हातात कला हाय, ती कोण नेतंय?"

तो हे मनापासून, तिची समजूत काढायला म्हणाला. आणि तिला त्याच शब्दांची इतकी चीड आली की ती उठून आत गेली आणि तिने अडगळीत टाकलेली चौकट बाहेर ओढली. टॅबला तिने नंतर हात लावला नाही. लावला तो फक्त पुसायला, कारण पुसायचं काम तिच्याकडेच राहिलं होतं.

लग्नसराई लागली तशी माहेरची माणसं आली. राहूची रतनबाई, सुलक्षणाच्या भावकीतली, आणि तिची नवरी मुलगी सोनम. सुलक्षणाने मानेला पट्टा लावला होता, तो तिने त्यांना पाणी देताना काढून ठेवला. बाहेर गोठ्यात कीर्तन रंगात आलं होतं.

"अक्का, मला हीच पायजे," सोनमने मोबाईल पुढे केला.

उसाच्या तुऱ्याची वेल होती. खालची केशरी पट्टी कुणीतरी कापून टाकली होती, तिच्याबरोबर हात जोडलेला पप्पूही गेला होता. सुलक्षणाने मोबाईल हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, बारीक डोळे करून पाहिलं.

"जमंल ना?"

"जमंल."

"जशीच्या तशी हं. ही वेल कशी जरा थरथरल्यावानी हाय बघा. ती तशीच यायला पायजे. आमच्या गावात एकीनं सरळ काढली, लई साधी दिसती."

"थरथरतीच काढते," सुलक्षणा म्हणाली.

रतनबाईने लेकीच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. कौतुकाने तिने जिभेचा आवाज केला. "लई डोक्याची बाई असंल गं ही. उसाचा तुरा नवरीच्या दंडाव आणायचा म्हंजी. कोण असंल?"

सुलक्षणाने मोबाईल सोनमला परत दिला आणि टेप उलगडला.

"ते मोबाईलवरचं हाय, काकू," ती म्हणाली. "त्येला कुणी नसतं." मग ती सोनमकडे वळली. "हात पुढं कर, दंडाचं माप घेऊ दे."