लंगडणारी टिकटिक

प्रवासात मनोऱ्यावर जुनं घड्याळ दिसलं की घड्याळजींची पावलं तिकडे वळलीच म्हणून समजा, आणि मागोमाग बायको कुरकुरत पायऱ्या चढायची. आज तर एकशेदहा पायऱ्या!

वर राखणदार छाती फुगवून म्हणाला, "शंभर वर्षं झाली, एकदाही थांबलेलं नाही."

घड्याळजींनी नुसती मान डोलावली. हल्ली त्यांना कमी ऐकू यायचं, पण कबूल करतील तर शपथ. बायको मात्र थबकली. चाळीस वर्षं दुकानामागच्या खोलीत भिंतीपलीकडची टिकटिक ऐकतच तिने संसार केला होता.

"लंगडतंय हो हे," ती म्हणाली. "एक ठोका लांब, एक आखूड."

राखणदार हसला. घड्याळजी हसले नाहीत. त्याला विचारून त्यांनी लंबकाजवळचा स्क्रू किंचित फिरवला. "आता?"

"अजून जरा... बास!"

राखणदाराने कान लावला आणि हसू आवरून दुरुस्तीची वही पुढे केली. "इथे दुरुस्त करणाऱ्याची सही लागते."

जन्मभर 'तुला काय कळतंय यातलं' म्हणणाऱ्या घड्याळजींनी पेन बायकोच्या हातात दिलं.

"कर सही. आणि चांगली ठसठशीत कर. पुढच्या घड्याळजीला कळू दे, कान कोणाचे होते."