कानवाल्या बाई

"बाई, अजून तीच रेकॉर्ड?" फोरमनने दारातून डोकं आत घातलं. "तिकडे मशीन तापून बसलंय. पास का नापास, तेवढं सांगा की!"

कानवाल्या बाईंनी हेडफोन उतरवला आणि हा माणूस आजच पहिल्यांदा दिसल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं.

"पुन्हा लावते," त्या म्हणाल्या.

"पुन्हा? तिसऱ्यांदा?" तो हसला. "तब्येत बरी आहे ना?"

रेकॉर्डच्या त्या कारखान्यात बाईंना नावाने कुणीच हाक मारत नसे. नवा साचा बसला की त्यातून निघालेली पहिली रेकॉर्ड बाईंच्या खोलीत यायची. बाईंनी कानात प्राण आणून ती ऐकायची आणि कुठे खरखर आहे, कुठे टिकटिक, कुठे सुई घसरतेय ते सांगायचं. बाई 'नापास' म्हणाल्या की साचा मोडीत. मग मॅनेजरचंही काही चालत नसे. वीस वर्षांत त्यांनी हजारो गाणी अशी तपासली होती आणि खरं सांगायचं तर एकही ऐकलं नव्हतं. त्यांचा नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. तो म्हणायचा, "हिच्यापुढे देव उभा राहिला ना, तरी ही म्हणेल, आवाज जरा चिरकतोय."

आणि आज आलेली रेकॉर्ड कुणाची, तर चार पोरापोरींच्या एका रॉक बँडची. पहिलीच. पहिली तीन गाणी म्हणजे नुसता दणदणाट. बाईंनी ती इमानेइतबारे तपासली. चौथं सुरू झालं आणि ड्रम थांबले. एक मुलगी गात होती, गात कसली, सांगतच होती. पहाटे पोलीस मुलाला न्यायला येतात. आई दार उघडते, आलेल्या सगळ्यांना पाणी देते आणि म्हणते, तो उजव्या पायाने लंगडतो, जरा हळू न्या. एवढंच गाणं. मग सगळी वाद्यं एकदम उसळून येतात.

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. गाणं संपल्यावर भानावर येऊन बघतात तो काय, तपासायचं राहूनच गेलेलं! दुसऱ्यांदा लावलं, तेच. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःला करकचून चिमटा काढला, तरी तेच. आपण एवढी वर्षं ज्या खोलीत बसतो तिथे असं काही होऊ शकतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. फोरमन पुन्हा दारात आला तेव्हा त्या म्हणाल्या, "पास."

रेकॉर्ड बाजारात आली आणि वणव्यासारखी पसरली. रेडिओने ती लावली आणि चौथं गाणं मध्येच तोडलं. त्या गाण्यात अपमान पोलिसांचा झालाय की आईचा, यावर वर्तमानपत्रं महिनाभर एकमेकांच्या उरावर बसली. मग हुकूम निघाला की कव्हरवरच्या गाण्याच्या नावावर काळा कागद चिकटवा. झालं! झाकायला गेले आणि गावभर बोभाटा झाला. ज्यांना बँडबिंड कळत नव्हतं, तेही काळ्या कागदाची रेकॉर्ड मागायला लागले.

तेव्हा सरकारी परीक्षण खात्याने साप मरावा आणि काठीही तुटू नये अशी युक्ती काढली. बंदी घालायची नाही. रेकॉर्डच सदोष आहे म्हणायचं आणि सगळा माल परत मागवायचा. त्यासाठी एक अधिकारी मॅनेजरला घेऊन बाईंच्या खोलीत आला. माणूस अगदी मवाळ.

"बाई, तुमच्या शब्दाला किंमत आहे म्हणतात. चौथ्या गाण्यात खरखर आहे. एवढं म्हणा, बस्स."

"म्हणून टाका हो बाई," मॅनेजर खाली बघत म्हणाला. "तुमचं काय जातंय?"

बाईंकडे तेवढा शब्दच तर होता. 'आहे' म्हटलं तर खोटं, आणि गाणंही गेलं. 'नाही' म्हटलं तर तेही खोटंच. त्यांनी तपासलं होतं कुठे?

"ऐकून सांगते," त्या म्हणाल्या. त्यांनी हेडफोनची वायर काढून स्पीकर लावला आणि सुई चौथ्या गाण्यावर ठेवली.

अधिकाऱ्याने गाणं कागदावर वाचलं होतं, ऐकलं नव्हतं. आई पाणी देते तिथे त्याने चष्मा काढला आणि तो पुसत बसला. मॅनेजर भिंतीला टेकला. वाद्यं उसळली तेव्हा टेबलावरची पेन्सिलसुद्धा थरथरत होती, आणि तिघंही तिच्याकडे बघत होती. गाणं संपल्यावर बाईंनी सुई उचलली.

"मग?" अधिकाऱ्याने विचारलं. "आहे ना खरखर?"

"नाही ऐकू आली. असेलही, साहेब. हे गाणं लागलं की मला दुसरं काही ऐकूच येत नाही. त्या दिवशीही आलं नव्हतं. मी न तपासताच पास केलंय."

मॅनेजरने कपाळावर हात मारला. "अहो बाई, काय बोलताय हे!"

"खरं तेच."

"म्हणजे कामात कसूर केलीत," अधिकारी हळूच म्हणाला.

"केली," बाई म्हणाल्या. त्यांना लाज वाटत होती, आणि तरीही आयुष्यात पहिल्यांदा त्या कुणासमोर इतक्या ताठ बसल्या होत्या.

'सदोष' असा शेरा शेवटी मॅनेजरनेच मारला. माल परत यायला लागला आणि बाईंची बदली भरडाईच्या शेडमध्ये झाली. नापास रेकॉर्डचा तिथे चुरा होई.

"लोक म्हणतील, कान गेले हिचे," घरी नवरा म्हणाला.

"म्हणू देत."

"पण गाणं होतं तरी कसं?"

बाई सांगायला लागल्या आणि आई पाणी देते तिथेच थांबल्या.  आयुष्यभर थट्टा करणाऱ्या त्या माणसाने त्या रात्री उठून दोघांची पानं वाढली.

शेडमधला यंत्रवाला स्वतःच अर्धा बहिरा होता. सकाळी त्याने बाईंपुढे कापसाचे बोळे धरले आणि ओरडला, "कानात घाला! नाहीतर वर्षभरात माझ्यासारख्या व्हाल!"

"उद्यापासून घालते," बाई ओरडल्या. "आज ऐकू दे."

त्यांनी काळा कागद चिकटवलेल्या कव्हरातून पहिली रेकॉर्ड काढली, प्लेअरवर लावायची असल्यासारखी रुमालाने दोन्ही बाजूंनी नीट पुसली आणि मग यंत्रात सोडली.