खालून वर येणारा ब्लाइंड

सोमवारपासून मला आंघोळ घालायला बाई येणार, हे मुलाने गुरुवारी जेवताना सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे न बघता मीठ मागितलं. मी मीठ दिलं. मग म्हटलं, "दुसऱ्याच्या हातून आंघोळ मी एकदाच करणार आहे, आणि तेव्हा मला काही कळणार नाही. तोवर माझी मी करेन."

"आई, भुवईला टाके पडलेत तुझ्या."

पडले होते, तीन. चाळीस वर्षं शाळांचे गणवेश शिवल्यावर सांगते, मी याहून सरळ घातले असते. आमच्या बाथरूमच्या खिडकीसमोर वर्षापूर्वी नवी इमारत उभी राहिली आणि बरोबर आमच्या मजल्याला दातांचा दवाखाना आला. तिथले रोगी काचेला लागून बसतात. दात ठणकत असला की माणसाला कुठेतरी बघावंच लागतं, मी त्यांना दोष देत नाही. खिडकी बंद ठेवली तर वाफेने माझा जीव घुसमटतो. काचेला कागद लावावा, तर काच सरकवली की कागदही सरकतो. खिळ्यांना टॉवेल टांगला, तो ऐन साबणात खाली आला. समोरच्या एका गृहस्थाने इतक्या घाईने मान फिरवली की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून मी पहाटे पाचला, दिवा न लावता आंघोळ करायला लागले. आजारपणानंतर डाव्या हातात जोर राहिलेला नाही. परवा अंधारात नळ धरायला गेले, तो सापडलाच नाही आणि कपाळ बादलीच्या काठावर आपटलं.

"मला बाई नको आहे, खिडकीला ब्लाइंड हवा आहे," मी म्हटलं.

मुलगा वाईट नाही, घाबरट आहे. शेवटी म्हणाला, "सोमवारी आठला बाई येईल. त्या वेळी तू दिवसाउजेडी, एकटीने आंघोळ करून दाखवलीस, तर तिला परत पाठवतो. शब्द देतो." सुनेने शुक्रवारी अर्धा दिवस रजा टाकली, यातच काय ते समजा.

ब्लाइंडच्या दुकानदाराने आधी कापडी दाखवले. मी कापड चिमटीत धरलं आणि म्हटलं, "हे महिन्यात बुरशी धरेल." लाकडी पट्ट्यांचा दाखवला. "हा फुगेल." मग प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा, वरून खाली सुटणारा.

"अहो, हा खालचा अर्धा झाकायचा तर आधी वरचा अर्धा झाकावा लागतो. मग उजेड कुठून येणार? मी स्टुलावर बसते. मला खाली आडोसा हवा आणि वर आभाळ हवं."

"मग खालून वर येणारा लागेल, आजी. फार कुणी घेत नाही."

"मी घेते. जरा साबण देता का?"

त्याला वाटलं मला हात धुवायचे आहेत. मी हाताला फेस केला आणि तसाच दोरी ओढायला लागले. मण्यांची साखळी सुळकन निसटली. साधी दोरीही निसटली. सून दुसरीकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. शेवटी एका दोरीला मूठभर मोठी कडी होती, ती ओढून खुंटीत अडकवायची. माझ्या एका हाताने, साबणासकट, ती तीनदा अडकली. "हाच द्या. आणि दोरी उजवीकडे."

"माप घ्यायला आमचा माणूस मंगळवारी येईल."

"माप मी आणलंय."

"आई, त्यांच्या माणसाने घेतलं तर..." सून हळूच म्हणाली.

"चाळीस वर्षांत माझं माप चुकलेलं नाही," मी म्हटलं आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली.

रविवारी मिस्त्री ब्लाइंड घेऊन आला. खिडकीच्या चौकटीत डावी बाजू बसली, उजवी बसेना. त्याने काढला, फिरवला, पुन्हा लावला. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. त्याने टेप लावून पाहिलं. "आजी, एक इंच जास्त आहे हो."

मला क्षणात कळलं. खिडकी मोजली होती बरोबरच. मग चिठ्ठीवर लिहिताना हाताने आपोआप दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच वाढवला होता. कापड बेतताना शिवणीसाठी माया ठेवावीच लागते. भिंतीत ती कुठे दुमडणार? मला इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

"कापून घ्यायला कारखान्यात परत पाठवावा लागेल," मिस्त्री म्हणाला. "आठ दिवस तरी धरा."

मुलगा दारात उभा होता. तो हसला असता तर बरं झालं असतं. तो प्रेमाने म्हणाला, "जाऊ दे ना आई. तू खूप केलंस. येऊ दे उद्या बाईंना."

त्या प्रेमानेच माझं डोकं ठिकाणावर आणलं. मी डोळे पुसले. "मिस्त्री, आत बसत नाही ना? मग चौकटीच्या बाहेर लावा, भिंतीवर."

"लावता येईल. पण हे कपाट आडवं येतंय."

ते मुलाचं दाढीचं कपाट होतं, आरशासकट.

"काढा."

"आई! मी दाढी कुठे करू?"

"बाहेर बेसिन आहे. तिथे दाढी केल्याने आजवर कुणी दगावलेलं नाही."

"आणि ड्रिलने टाइल तडकली तर?"

"तुझी आई तडकण्यापेक्षा बरी. चालू द्या, मिस्त्री."

एक टाइल तडकलीच. मी त्याबद्दल कुणाला बोलू दिलं नाही.

सोमवारी पावणेआठला मी आत गेले. कडी ओढली, खुंटीत अडकवली. दवाखाना झाकला गेला आणि वरच्या अर्ध्या खिडकीतून ऊन थेट नळावर पडलं. मी स्टुलावर बसले. नळ जिथे होता तिथेच होता. स्वतःचे गुडघे मी वर्षभरात नीट पाहिले नव्हते. बरेच म्हातारे झाले होते, पण माझेच होते. मी ते सावकाश धुतले.

आठला बेल वाजली. बाईंचा आवाज आला, मग मुलाचा. तो बाथरूमच्या दाराशी आला. "आई?"

"चालू आहे. उजेडात आहे. एकटी आहे."

तो बाहेर जाऊन म्हणाला, "माफ करा हं बाई, तुम्हाला उगाच त्रास झाला. आईला गरज नाही." बाहेरचं दार बंद झालं.

मी जिंकले होते, आणि तरी उठले नाही. एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. डाव्या हाताचा जोर गेल्यापासून माझी पाठ धुतलीच जात नव्हती. पाणी ओतायचं आणि झाली म्हणायचं. बाई आली असती तर तिने चोळली असती, पण ती दुसऱ्याने नेमलेली असती, मी बोलावलेली नाही. मी अंगाभोवती टॉवेल गुंडाळला, भिंतीला धरून उठले आणि दाराची कडी काढली.

"अगं, ऐकतेस का?" मी सुनेला हाक मारली. ती धावत आली, तिला वाटलं मी पडले.

"पडले नाही. आत ये. जरा पाठ चोळून दे."

ती उंबऱ्यातच थबकली, आणि सवयीने तिचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला.

"राहू दे," मी म्हटलं. "दिसतंय सगळं."