शिडातून कापलेला पट्टा

"भर समुद्रात वारा पेललाय या कापडानं. तुमचा गुडघा काय जड आहे?" रबियाचा हा आवाज माझ्या टाक्याटाक्यांत अजून आहे.

मित्रांनो, मी गुडघ्याला बांधायचा एक जुना पट्टा. त्याआधी जयगडच्या गलबतावरचं शीड होतो. वारा माझा भाऊ, भरती माझी मावशी. शीड विरलं तेव्हा गलबत हाकणाऱ्या तांडेलाच्या लेकीनं, रबियानं, त्यातला धड तुकडा कापला, मेणाच्या दोऱ्यानं शिवला आणि नवऱ्याच्या कुरकुरत्या गुडघ्यासाठी त्याच्या हाती दिला.

तिचा नवरा महबूब मुंबईत गोदीच्या संघातून पगारावर फुटबॉल खेळायचा. तेव्हा असे खेळाडू थोडेच. छप्पन साली कुवेतच्या एका व्यापाऱ्यानं त्याला आपल्या संघात बोलावलं. रबियाला तेव्हा दिवस गेलेले. आगबोटीतून उतरल्याबरोबर महबूबचा पासपोर्ट त्या अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, कपाटात गेला आणि मी मोज्याच्या आत.

तिथलं मैदान वाळूचं. पहिल्याच हंगामात महबूबचा गुडघा फिरला. दुखणं कळलं तर संघातून काढतील, घरची चूल कशी पेटेल, ही धास्ती. म्हणून गोलकीपर कासमनं "हे काय बांधलंस?" विचारलं, तेव्हा तो पटकन बोलून गेला, "सासूनं आत तावीज शिवलाय."

त्या दिवशी संघ जिंकला. झालं. पुढे प्रत्येक सामन्याआधी सगळे मला हात लावू लागले.

"माझे दोन्ही पंजे टेकू दे रे," कासम म्हणायचा. "मागच्या वेळी गोलांची रांग लागली."

"तावीज काय करील? तू डोळे मिटून उडी मारतोस."

चेंडूपेक्षा माझंच कौतुक जास्त. पण घामानं भिजलं की माझं कापड आवळतं. आत सुजलेला गुडघा ठणकायचा, ते मला एकट्याला कळे. ना वारा, ना उजेड. तो माझ्यात अडकलेला, मी त्याच्यावर. गावाकडे लेक झाली, चालू लागली, बोलू लागली. बापानं ती फोटोतच पाहिली. घरी सोडा म्हटलं की अरबाब हसायचा, "तावीजवाल्याला कसा सोडू? एवढा कप होऊ दे." एक कप झाला की दुसरा उभा.

मग एका सामन्याच्या दुपारी कासम आला. मनगट टम्म सुजलेलं, बोटं हलत नव्हती.

"डॉक्टर नको. आज पट्टा मला बांध, महबूब. तावीज असला की मी खेळतो बघ."

"बांध, बांध," अरबाबही म्हणाला.

महबूबनं मोजा उतरवला. मला सोडलं. कितीतरी वर्षांनी मला वारा लागला. त्याचा गुडघा उघडा पडला, काळानिळा, वाकडा. कासमनं हात पुढे केला होता. महबूबनं मला त्याच्या हाती दिलं नाही.

मित्रांनो, आवळून बांधलं म्हणून दुखणं जात नाही. कुणाच्या अंगावर पट्टा दिसला तर त्याचं नवल करण्याआधी विचारा, बाबा, दुखतंय का? आम्हाला कुणी विचारलं नाही. महबूबला आपणहून सांगावं लागलं.

"आत तावीज नाही, अरबाब," तो म्हणाला. "गलबताचं फडकं आहे. माझा पाय पहिल्याच वर्षी गेला."